पुन्हा डोळ्यात तेच!

६ जानेवारी, सोमवार

आलं! परत आलं! आरशात तीनदा बघितलं. उजव्या डोळ्यात, नाकाकडच्या कोपऱ्यात, गुलाबी टोक. दिवाळीच्या सुट्टीत ऑपरेशन करून काढलेलं मांस! सुट्टी गेली ती गेली, वर करंज्यासुद्धा एका डोळ्याने तळल्या. आणि याला तीन महिने दम निघाला नाही. निर्लज्ज!

७ जानेवारी

सासूबाई चहा देताना, "काय गो रसिका, डोळ्यात कुकू घातलंस?" जागरण झालं म्हटलं. चहात साखर मात्र जास्त!

९ जानेवारी

पूर्णगडच्या शाळेपर्यंत रोज स्कूटी. समोरून ऊन आणि खारा वारा. गॉगल लावा, असं डॉक्टरबाईंनी बजावलेलंच आहे. आज मोठा काळाकुट्ट घेतला. चौथीतली मनस्वी म्हणते, "बाई, तुम्ही हिरॉइन झालात की पोलीस?"

"पोलीस! गृहपाठ काढा."

वर्ग चिडीचूप! मी कोणाकडे बघतेय ते कळतच नाही त्यांना. हा फायदा कोणी सांगितला नव्हता.

१२ जानेवारी, रविवार

राजेंद्रचा मुंबईहून व्हिडिओ कॉल. नवऱ्याशी स्वयंपाकघरात गॉगल लावून बोलले!

"घरात ऊन पडलंय काय?"

"कांदा चिरतेय."

"समोर तर चहा उकळतोय."

सापडले. सांगून टाकलं. हसेल वाटलं होतं, हसला नाही. "मी येऊ?" एवढंच. नको म्हटलं. फोन ठेवला आणि रडूच फुटलं. या वेळी बुबुळावर चढलं तर? फळ्यावर 'क' लिहिला आणि मलाच 'फ' दिसला तर? रडून डोळा आणखी लाल. वा, रसिकाबाई!

१५ जानेवारी

चुरचुर. थेंब. चुरचुर.

१८ जानेवारी, शनिवार

रत्नागिरीला डॉक्टरबाईंकडे. "हे परत येतं कधी कधी. पुन्हा काढू. या वेळी तुमच्याच डोळ्यातला पातळ पडदा तिथे लावू, म्हणजे परत यायची शक्यता कमी."

"कमी म्हणजे नाहीच ना?"

"कमी म्हणजे कमी."

खरं बोलणारी माणसं फार त्रास देतात! तारीख मिळाली, एक फेब्रुवारी. राजेंद्र रजा टाकतोय.

२५ जानेवारी

ऑपरेशनआधीची तपासणी. सासूबाई हट्टाने सोबत आल्या. डॉक्टरबाई सहज म्हणाल्या, "आजी, चष्मा काढा बघू." डाव्या डोळ्यात तेच मांस — थेट बुबुळावर. उजवा डोळा झाकून बोटं दाखवली, तर त्यांना मोजता येईनात.

कधीपासून?

"झाली की वर्सं."

मग बोलला का नाहीत?

"तुजं चाललेलं ना गो. दोघी डोळं बांधून बसलो तर चूल कोण पेटवील?"

माझी तारीख त्यांच्या नावावर करून आले.