कोंडीरामचा चांगला रिपोर्ट

चिंचवड, जानेवारी १९७८

सौ. कस्तुरास साहेबरावचा जयभीम.

तुझं पत्र पोचलं. धाकटीचा खोकला गेला का? आबांना गोधडी पुरते ना? इकडे थंडी फार आहे.

कोंडीराम गेल्यापासून तू त्याच्या घरी जाऊन बसतेस, बरं करतेस. भिमावहिनी विचारतात, रक्ताचा रिपोर्ट चांगला होता, मग माणूस गेला कसा? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काळजाला इजा झाली तरी रक्तात ती दिसायला काही तास लागतात. कोंडीराम तर छातीत दुखल्या दुखल्या दवाखान्यात धावला. थांबून पुन्हा रक्त दे म्हणाले होते, पण रिपोर्ट चांगला आला म्हणून यानं खोलीवर सगळ्यांना जिलेबी वाटली आणि पाळीवर गेला. वहिनींना हे हळू सांग.

आमची दोघांची खाट एकच होती. तो पाळीवर निघाला की मी येऊन निजायचो. त्याच्या अंगानं अंथरूण उबदार असायचं. आता गार लागतं.

आज सकाळी माझ्याही छातीत जरा आवळल्यासारखं झालं. लगेच दवाखान्यात आलो. रिपोर्ट चांगला आलाय, काळजी करू नकोस. संध्याकाळी पुन्हा रक्त घेणार आहेत. तोवर इथंच बाकावर बसून लिहितोय.

पोरांना जवळ घे. माझा रिपोर्ट चांगला आला, हे भिमावहिनींना मात्र सांगू नकोस.

साहेबराव