टोल वाचवला त्याची हकीकत

ती. दाजींना,

धाकट्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार. तुमचा उजवा गुडघा आता जिना चढताना कुरकुरत नसावा आणि रक्तदाबाची गोळी तुम्ही वेळच्या वेळी घेत असाल असं धरून चालतो. आजची राहिली असेल तर हे पत्र बाजूला ठेवा आणि आधी ती घ्या, कारण पुढे एकदोन ठिकाणी तिची गरज पडेल. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. ताईही बरी आहे. खरं तर तिने आज तुमच्याकडे बरं असायला हवं होतं. काल तुम्ही तुमच्या विमानतळावर शेवटचा प्रवासी बाहेर येईपर्यंत उभे राहिलात, मग वैमानिकही आपली बॅग ओढत निघून गेला तरी उभे राहिलात, हे फोनवर ऐकल्यापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. फोनवर मी फक्त गाडीची अडचण झाली एवढंच म्हणालो. ते खोटं नव्हतं, पण गाडीची अडचण मी होतो हे सांगायचं राहिलं. फोनवर तुम्ही मुद्द्यावर ये म्हणता आणि मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो, म्हणून हे पत्र.

ताई पंधरा दिवसांसाठी म्हणून आली त्याला आता अकरा आठवडे झाले. तुमच्या दोघांत काय झालं यात मी पडत नाही. (निवृत्त झाल्यावर तुम्ही तिच्या स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना नंबर देऊन भिंतीवर यादी लावलीत, एवढंच मला माहीत आहे. गोदामात अडतीस वर्षं काढलेल्या माणसाचा हात शिवशिवणारच, असं मी तिला म्हणालोही. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.) तर अशा वेळी तुमच्याकडून तिचं तिकीट आलं आणि आम्हा नवराबायकोला हायसं वाटलं. तिचा कंटाळा आला म्हणून नव्हे. या घरात ती जन्मभर राहिली तरी मला जड नाही. पण रोज दुपारी चार वाजता ती खिडकीपाशी जाऊन उभी राहते, आणि चार ही तुमच्या चहाची वेळ आहे हे मला ठाऊक आहे. या खेपेला गेली नाही तर पुन्हा बॅग कधी भरेल याचा नेम नव्हता. तिला विमानात बसवून देणं एवढंच काम माझ्याकडे होतं, आणि ते मी मनापासून अंगावर घेतलं होतं.

आता तुम्ही तिकीट काढलंत ते देशाच्या हद्दीपलीकडच्या विमानतळावरून, कारण तिथून ते निम्म्या दरात मिळतं. तिथवर महामार्गाने पावणेदोन तास लागतात. मात्र हद्द ओलांडली की त्या देशाच्या महामार्गाला टोल आहे, आणि तो नाक्यावर घेत नाहीत. काचेवर लावायचं एक स्टिकर आधीच विकत घ्यावं लागतं, आणि कमीत कमी दहा दिवसांचंच मिळतं. पलीकडचा महामार्ग मला लागणार चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटांसाठी दहा दिवसांचे पैसे, हे माझ्या गळी उतरेना. तुम्हाला माहीतच आहे, मी दुकानादुकानांतले वजनकाटे तपासतो. ग्रॅमभर जास्त दाखवणाऱ्या काट्यावर मी शिक्का मारत नाही, मग दुकानदार कितीही ओळखीचा असो. तेव्हा नऊ दिवस तेवीस तास वीस मिनिटं जास्त मोजणाऱ्या सरकारला मी शिक्का कसा देऊ. ही म्हणाली, "घ्या ते स्टिकर, काटा तपासायला नाही चाललात." पण बायकोचं म्हणणं आणि कपाळावरचा चष्मा, दोन्ही मला फार उशिरा सापडतात.

टोल चुकवणं पाप आहे का, यावर मी दोन संध्याकाळी विचार केला. देवापुढे बसलो तेव्हाही तोच विचार. शेवटी असं ठरलं की रस्ता वापरून पैसे न देणं ही चोरी, पण रस्ताच न वापरणं हा संयम. एकदा संयम म्हटल्यावर मला इतकं बरं वाटलं की मी लगेच शेजारी गेलो.

आमच्या शेजाऱ्यांना गल्लीत सगळे शॉर्टकट म्हणतात. टपालाच्या गाडीवर चाळीस वर्षं काढलेला माणूस. त्याच विमानतळावरून ते टपाल आणायचे. जाताना वरिष्ठ सोबत असत म्हणून महामार्गाने जात, येताना एकटे असत म्हणून गावागावांतून, बिनटोलाचे येत. (वाचलेल्या पैशांचं काय होई ते मी विचारलं नाही. म्हातारा माणूस आहे, आणि मला त्यांच्याकडून रस्ता हवा होता.) त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर सगळा रस्ता लिहून दिला. पाण्याची टाकी, डावीकडे. पेट्रोलपंप, उजवीकडे. लाकडाची वखार, डावीकडे. अशा एकोणीस ओळी. रस्ता येतानाचा होता, पण त्याची त्यांना फिकीर नव्हती. म्हणाले, "खालून वर वाचत जा, म्हणजे झालं." मला ते इतकं सोपं आणि शहाणपणाचं वाटलं की मी त्यांच्या पाया पडलो.

काल सकाळी दहाला निघालो. विमान चारचं. ताईची बॅग मी आदल्या दिवशी कचेरीतल्या मोठ्या काट्यावर घालून आणली होती, बावीस किलो नऊशे चाळीस ग्रॅम, तेवीसच्या मर्यादेत, म्हणजे विमानवाल्यांना बोलायला जागा नव्हती. गाडी सुरू करण्याआधी मी नेहमीसारखे हात जोडले. ताई शेजारी बसली, कागद तिच्या हातात. मला वाटलं, गाडीत आणखी काय हवं. एकतीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई शेजारी आहे आणि रस्ता लिहून घेतलेला आहे.

हद्द कधी ओलांडली ते कळलंही नाही. महामार्ग सोडून खाली उतरलो. ताई शेवटच्या ओळीपासून वाचू लागली, "वखार, डावीकडे." वळलो. "पेट्रोलपंप, उजवीकडे." वळलो. दाजी, पाण्याची टाकी, पेट्रोलपंप आणि वखार नाही असं गाव जगात नसावं. आम्ही जिथे वळलो तिथे काही अंतरावर कागदातली पुढची खूण हजर. त्यामुळे संशयाला जागाच नव्हती. रस्ता अरुंद होत गेला तेव्हा मला वाटलं, टोल नसलेला रस्ता अरुंदच असणार. डांबर संपलं तेव्हा वाटलं, तेवढंच पुण्य जास्त. आणि मग आम्ही एका गोठ्याच्या अंगणात जाऊन थांबलो. पुढे रस्ता नव्हता. एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी हातातला चिमटा हलवून मागे फिरा अशी खूण केली.

मागे फिरलो, पुन्हा कागद धरला, आणि तासाभराने पुन्हा त्याच अंगणात आलो. या वेळी वेगळ्या बाजूने आलो होतो, त्यामुळे मी आधी गोठाच ओळखला नाही, बाईंनी मला ओळखलं. दिशांच्या बाबतीत माझं असंच आहे. गावच्या शाळेत गुरुजी दिशा शिकवायचे त्या सकाळी, उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं करून. अकरापर्यंत मी अजूनही कुठे चुकत नाही. त्यानंतर सूर्य डोक्यावर येतो आणि माझा अंदाज चुकतो. ताईला म्हटलं, आपण चुकत तर नाही ना. ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "कागदात आहे तेच मी वाचतेय, बाबा. तू गाडीकडे लक्ष दे." मग डब्यातून बिस्किट काढून तिने अर्धं मला दिलं.

तिसऱ्यांदा अंगणात शिरलो तेव्हा पावणेतीन वाजले होते. बाईंनी घरातून खुर्ची आणली आणि ताईला बसायला दिली. ताई बसली आणि त्या दोघींचं असं जमलं की गायी किती, दूध किती, विहिरीला पाणी कुठवर, सगळी चौकशी झाली. मी घामाघूम होऊन कागद उलटासुलटा करत होतो. शेवटी बाईंनी तो माझ्या हातातून घेतला, दोनदा वरून खाली बोट फिरवलं आणि विचारलं, "हा येतानाचा रस्ता ना? मग जाताना डावं ते उजवं नाही का व्हायचं?"

दाजी, खालून वर वाचायचं एवढं आम्ही केलं होतं. डावं-उजवं उलटं करायचं ते राहूनच गेलं होतं. एकोणीस वळणं, आणि एकोणीसच्या एकोणीस चुकलेली. कचेरीत एखादा काटा इतका चुकला असता तर मी तो जप्त केला असता.

मग मात्र माझा संयम सुटला. बाईंनी दाखवलेल्या जवळच्या वाटेने मी सरळ महामार्गावर चढलो, बिनस्टिकरचा. मनात म्हटलं, देवा, आता फक्त पंधरा मिनिटं दे. देवाने चार दिली. पाचव्या मिनिटाला मागून निळा दिवा आला. पोलीस बाई तरुण होत्या, अदबीने बोलत होत्या, म्हणून जास्तच लाज वाटली. काचेवर स्टिकर का नाही असं त्यांनी विचारलं. मी वजनकाट्यापासून सांगायला सुरुवात केली. त्या संयमापर्यंत थांबल्या आणि मग पावतीपुस्तक काढलं. दंड भरला, वर तिथल्या तिथे स्टिकरही घ्यायला लावलं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हाताने काचेवर नीट बुडबुडा न राहू देता चिकटवलं. त्या अंगठ्याने कडा दाबत होत्या तेवढ्यात डोक्यावरून एक विमान गेलं. ताईने मान वर केली, घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "वेळेवर निघालं हो."

परतताना महामार्गानेच आलो. ताई वाटेत झोपली. घरी आल्यावर तिने बॅग दहा मिनिटांत रिकामी करून माळ्यावर टाकली आणि मग हिला भाजी निवडू लागली.

तर झाल्या प्रकारात चूक सर्वस्वी माझी आहे, ताईला बोल लावू नये. तिकिटाचे पैसे मी पुढच्या पगारात पाठवतो. तुम्ही नको म्हणाल, तरी पाठवतो. गुडघ्याला शेक चालू ठेवा. हिचा नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक (कालचा दिवस सोडून),
धाकटा मेव्हणा

ता. क. दुसरं तिकीट कृपा करून पाठवू नका.

ता. क. २. वरची ओळ वाचून तुम्ही रागावाल, म्हणून पाकीट बंद करायच्या आधी खरं ते लिहितो. परतीचा रस्ता उलटा वाचताना डावं-उजवं बदलतं, हे मला कळलं नाही यात नवल नाही. पण हे ताईला कळलं नसेल? आज सकाळी हा विचार दाढी करताना आला आणि गाल कापला. तसाच उठून तिला विचारलं. तिने आधी माझ्या गालाला तुरटी लावली. मग म्हणाली, "पहिल्या वळणालाच कळलं होतं." मग गप्प का बसलीस म्हटलं, तर तिने तुरटी पुसून डबीत ठेवली. नंतर म्हणाली, "तिकीट आलं रे. वेळ, तारीख, आसन नंबर, सगळं होतं. 'ये' असं कुठेच नव्हतं. गोदामातून माल मागवतात तसं." यावर मी घोटभर पाणी प्यालो. दाजी, तुम्हीही लगेच काही बोलू नका, आधी पाणी प्या.

ता. क. ३. माझी विनंती एवढीच की तिला आणायला तुम्ही स्वतः या. पत्र तुम्हाला बुधवारपर्यंत मिळेल. स्टिकरचे दहा दिवस त्यानंतरच्या शनिवारी संपतात, तेव्हा शनिवारपर्यंत या म्हणजे मी विमानतळावर महामार्गाने, काच स्वच्छ पुसून, अर्धा तास आधी येऊन उभा राहीन. गुडघा दुखत असेल तर चाकाची खुर्ची सांगून ठेवतो. यादी वगैरे काही आणू नका. हे मी लिहिलं असं ताईला कळू देऊ नका. ती आता अंघोळीला गेली आहे, तेवढ्यात पाकिटावर तिकीट लावून घेतो.

(पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात)
हे पत्र मी वाचलेलं नाही. यातलं निम्मं खरं नाही. शनिवारी दुपारी मी घरीच असते.