दिनूच्या जहाजाचं पान

२७ सप्टेंबर ९९, सोमवार
पान अजून उघडत नाही. सकाळी ब्राउझर म्हणाला, परवानगी नाही. फोल्डरचे हक्क बदलले. आता म्हणतो, सर्व्हरमध्ये अंतर्गत चूक. ह्याचं काय जातंय म्हणायला.

दिनू, माझा धाकटा भाऊ, मे महिन्यापासून परक्या बंदराबाहेर अडकलाय. जहाजाचा मालक पळाला, जहाज जप्त, खलाशांना उतरायची मनाई. इंजिन बंद, दिवे बंद. प्यायचं पाणी कुणी बोटीने नेऊन देईल तेव्हा. हे आम्हाला कळतं ते तिथल्या एका पाद्रीबाबांच्या ई-मेलवरून. ते अधूनमधून जहाजावर जातात. त्यांनीच सुचवलं, खलाशांचे फोटो, नावगाव, घरच्यांचे दोन शब्द असं एक पान इंटरनेटवर टाका. इथले पेपरवाले बघतील, कुणाला तरी लाज वाटेल.

पान ज्या सर्व्हरवर आहे ते मशीन कांतीभाईंचं. शेठ माझे. भाईंदर पूर्वेच्या स्टील भांडेवाल्यांची पानं बनवून ह्या मशीनवर ठेवायची हा त्यांचा धंदा, आणि मशीन सांभाळायचं माझ्याकडे. पान ठेवायला हो म्हणाले, अट एकच. "फोन नंबर मत डालना भाई. मेरा लाईन बिझी नहीं होना चाहिए." म्हणून फक्त ई-मेलचा पत्ता. तोही ह्याच मशीनवरचा.

सुमन म्हणाली, पितृपक्ष चाललाय, नवरात्रात सुरू करा. बायकोवर असं ओरडायला नको होतं.

२८ सप्टें., मंगळवार
सापडलं. निरोपाच्या फॉर्मची फाईल विंडोजवर टाईप करून नेली होती. तिथे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं अक्षर चिकटतं, सर्व्हरवरच्या लिनक्सला ते चालत नाही. दोन दिवस त्या भुताने नाचवलं. काढलं, पान उघडलं. दिनूचा फोटो वरून खाली हळूहळू उतरत आला. आधी केस, मग कपाळ. मी उठून बाहेर जाऊन आलो.

५ ऑक्टो., मंगळवार
भाईंदरलाच लागून असलेल्या मुर्धा गावचे पाटील काका आज परत आले. त्यांचा भालचंद्र दिनूबरोबरच आहे, त्याच जहाजावर. सगळ्या खलाशांत भाईंदरचे हे दोघेच, बाकी कुणी कोकणातले, कुणी यूपीचे. काकांचा जन्म मिठागरात गेला, आता मिठागरावर बिल्डिंग. खुर्चीत बसत नाहीत, स्क्रीनसमोर उभे राहतात, हात मागे बांधून.
"भाल्याला दिसतंय काय रं ह्ये?"
नाही म्हटलं. त्याच्याकडे लाईट नाही, काँप्युटर कुठला.
"मंग कुनाला दिसतंय?"
जगाला, म्हटलं.
जगाला कसलं. सर्व्हरच्या लॉगमध्ये कोण कोण येऊन गेलं ते उमटतं. बहुतेक सर्च इंजिनांची यंत्रं. माणूस क्वचित. घरी आई दार उघडता उघडता विचारते, "आज कुणी बघितलं का रे त्याला?" मी सांगतो, बघितलं ना, बरेच होते. हल्ली अमेरिका, जर्मनी अशी नावंही घ्यायला लागलोय. निगरगट्ट झालोय.

११ ऑक्टो., सोमवार
काल घटस्थापना झाली, आज पाद्रीबाबांचं मेल. तिथल्या एका पेपरात पानाची बातमी आली!! त्या बातमीवर कुणी टँकरभर पाणी पाठवलं. मजा आहे, इथे भाईंदरला आमच्या इंद्रलोक वसाहतीत तीन दिवस टँकर नाही. जहाजावर ताप पसरलाय म्हणतात, पण भाईंदरचे दोघेही उभे आहेत. उभे आहेत, हेच शब्द.
काकांना वाचून दाखवलं. त्यांनी मशीनला हात लावून नमस्कार केला. बाजूला बसलेला ऑफिसातला मुलगा... नको, हसला तर हसला.

१८ ऑक्टो., सोमवार, खंडेनवमी
काका झेंडूचा हार, नारळ, हळद-कुंकू घेऊन हजर. मी म्हटलं पूजा करा, पण मशीन चालूच राहील.
"चालू यंत्राला कुकू लावतात काय? वर्साचा येक दिस त्याला इसावा न्हाय? माज्या पोराला पानी दिलं ह्यानं."
कांतीभाईंनीही मान डोलावली. "सही बात है. आज मशीन को आराम. भांडेवाले की प्रेस भी बंद है."
खरं सांगायचं तर मलाही पटलं. बाबा गिरणीत टर्नर होते. आदल्या दिवशी लेथ धुऊनपुसून, पट्टा उतरवून ठेवायचे. दसरा होईपर्यंत त्याला बोट लावू द्यायचे नाहीत. लेथ फिरता ठेवून पूजा, हे बाबांना सांगितलं असतं तर कानाखाली बसली असती. आणि मेलचं म्हणाल तर दोन दिवस पोचलं नाही तरी पाठवणारं मशीन पुन्हा पुन्हा प्रयत्न करतं. काही हरवत नाही.
रीतसर बंद केलं. हार घातला. काकांनी नारळ फोडला. सगळ्यांनी खोबरं खाल्लं. बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी.

२० ऑक्टो., बुधवार
मशीन सुरू होत नाही. पंखा फिरतो, डिस्क फिरत नाही.
बसवल्यापासून ते कधी बंदच झालं नव्हतं. जुनी डिस्क गरम असते, फिरत असते तोवर फिरते. एकदा थांबून गार पडली की आतलं डोकं तबकडीला चिकटतं. हे मला माहीत होतं. वाचलेलं होतं. पूजेच्या वेळी आठवलं नाही.
हलक्या हाताने ठोकून पाहिली, पिशवीत घालून गरम करून पाहिली. घर्रर्र, आणि गप्प.

२२ ऑक्टो., शुक्रवार
मुंबईला जाऊन दुसरी डिस्क आणली, ती ह्या मशीनला लागेना. परत बदलायला. कांतीभाईंचे गिऱ्हाईक भांडेवाले फोनवर शिव्या देतायत, त्या मी ऐकायच्या.
पानाची कॉपी फ्लॉपीवर आहे. सर्व्हरच्या सेटिंगची नाही, ती सगळी माझ्या डोक्यात. डोकं कुठे आहे?
सगळ्यात वाईट, पाद्रीबाबांचा पत्ता. तोही त्या डिस्कवर. कुठून तरी दुसरीकडून लिहावं तर कुणाला लिहू? संस्थेचं नाव पुरतं आठवत नाही. मेल आलं ते वाचलं, उत्तर दिलं, पुढे.

२५ ऑक्टो., सोमवार
काका आले. हार अजून मशीनवर होता, वाळलेला. तो उतरवून कागदात बांधून घेतला, खाडीत सोडतो म्हणाले. मग अगदी साधेपणी,
"पूजा केली तरी कसा रं बिघडला?"
मी म्हटलं, जुनं होतं काका. व्हायचंच होतं.

२८ ऑक्टो., गुरुवार
दुपारी पान उघडलं. मेलही चालू. एकेक ओळ आठवत सगळी सेटिंग नव्याने लिहिली. सर्व्हर सुरू झाला तेव्हा आनंद वगैरे काही नाही, नुसती झोप आली.
आईने चकलीची भाजणी दळून आणलीय. दिनूचा वाटा वेगळा ठेवणार, दरवर्षीसारखा.

३० ऑक्टो., शनिवार
मेल आलं.

जेवढं लक्षात आहे तेवढं मराठीत लिहितो. "माझी आधीची दोन पत्रं परत आली. तुमचा पत्ता बंद झाला असं वाटलं. आज पुन्हा प्रयत्न करतोय. पहिल्या पत्रात कळवलेली दुःखद बातमी आणि दुसऱ्यात विचारलेला प्रश्न, देह मायदेशी पाठवायचा की इथेच अंत्यविधी करायचा, ह्याचं उत्तर न आल्याने बंदराचे अधिकारी थांबायला तयार नव्हते. दहनाची सोय इथे नाही. मंगळवारी आम्ही त्याला पुरलं. मी प्रार्थना म्हटली. तुमच्या भाईंदरच्या दुसऱ्या माणसाने त्याच्या तोंडात पाणी घातलं आणि तुमच्या भाषेत काहीतरी म्हटलं. कुटुंबाला माझं सांत्वन कळवा."

नाव नाही. नाव पहिल्या पत्रात असणार.

लगेच उलट लिहिलं, नाव कळवा. एका ओळीचं मेल. पाठवल्यावर लॉगमध्ये बघितलं, गेलंय.

घरी आईने विचारलं, कुणी बघितलं का रे. हो म्हटलं. सुमनला सांगितलं. ती पोळी लाटत होती, लाटतच राहिली, मग लाटणं खाली ठेवून तिथेच बसली.

३१ ऑक्टो., रविवार
उत्तर नाही. रविवारी पाद्रीबाबा चर्चमध्ये असणार. मी ऑफिस उघडून बसलो. सर्व्हर ठणठणीत. कधी नव्हे इतका.
मुर्ध्याला जाऊन काकांना सांगायला हवं. बसमध्ये बसलो, पुढच्या स्टॉपला उतरलो. काय सांगू? तुमचा किंवा माझा?

१ नोव्हें., सोमवार
सकाळपासून मनातल्या मनात देवाला एकच म्हणतोय, दिनू नको. दुपारी लक्षात आलं मी काय मागतोय. भाल्या मागतोय. त्यानंतरही तेच मागत राहिलो. लाज वाटते, थांबवता येत नाही.
शेवटी काका स्वतःच आले, संध्याकाळी. सांगितलं सगळं. पूजेचं नाही सांगितलं. डिस्क बंद केल्यामुळे चिकटली, चालू ठेवली असती तर दोन्ही पत्रं मिळाली असती, आपण होकार-नकार कळवला असता, हे नाही.  काका म्हणाले,
"पुरला म्हनं?"
हो.
"अग्नी न्हाय."
नाही.
"आन् पानी घालनारा जिता हाय."
हो काका.
जाताना माझ्या पाठीवरून हात फिरवला. 

२ नोव्हें., मंगळवार
मेल आलंय. यादीत दिसतंय, पाद्रीबाबांचं नाव, विषयाच्या जागी "नाव". उघडलं नाही.
मुर्ध्याला रिक्षावाल्याकडून निरोप धाडलाय, काकांनी यावं. एकट्याने वाचायचं नाही. ज्याचं असेल त्याला दुसऱ्याने धरायचं, एवढंच आता हातात आहे.
कांतीभाई आत डोकावले. "क्या हुआ? मशीन ठीक है ना?"
ठीक आहे म्हटलं.
खाली रिक्षा थांबल्याचा आवाज आला. खिडकीतून पाहिलं, काका नाहीत, दुसरंच कुणी उतरलं. मेल तसंच ठेवून वाट बघतोय.