निम्म्याहून कमी

अब्बा, आज एका जुन्या निवडणुकीवर लेख लिहिला. अमेरिकेतली राज्यं नवीन होती तेव्हाची गोष्ट. काही राज्यांत गव्हर्नर व्हायला निम्म्याहून जास्त मतं लागत. तेवढी कुणालाच मिळाली नाहीत, तर निवड विधिमंडळाकडे जाई. अशाच एका निवडणुकीत सगळ्यांत जास्त मतं मिळवलेला उमेदवार घरी बसला आणि आमदारांनी दुसऱ्याला गव्हर्नर केलं. संध्याकाळपर्यंत मजकूर द्यायचा होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र इथल्या, आखातातल्या रोल्ला भागातला आपल्या गावकरी मंडळाचा हॉल.

आपल्या मंडळाचा नियमही तोच होता. अध्यक्षपदाला आम्ही तिघं उभे होतो, मी एकटीच बाई. जास्त मतं मला पडली, पण निम्म्याहून कमी. मग निवड कमिटीकडे गेली. कमिटीत आधी चहा, मग ज्येष्ठाने पहिला हात वर करायचा आणि बाकीच्यांनी त्याचा मान राखायचा, ही आपली रीत. ज्येष्ठ तुम्ही होता. मला हॉलमध्ये दर शुक्रवारी मुलांचा मराठी वर्ग सुरू करायचा होता, हे तुम्हाला माहीत होतं. दुसरा उमेदवार म्हणत होता, मुलं शाळेत शिकतायत, तेवढं पुरे. तरी त्याचं नाव पुकारल्यावर तुमचा हात वर जातो, मागोमाग सगळ्यांचे जातात. कुणीतरी हसून म्हणतं, "खलास. चला, बिर्याणी थंड होतेय."

गाडीत तुम्ही एवढंच बोललात, "बाय, आपल्याच लेकीसाठी हात वर केला असता तर लोक काय म्हणाले असते?" मी म्हटलं, "मग हात खालीच ठेवायचा होता." तुम्ही रेडिओ लावलात. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही, आणि मग तुम्हीच गेलात.

तेव्हा माझ्या मांडीवर असलेली तुमची नात आता अल ऐनला कॉलेजात शिकते. तिला मराठी वाचता येत नाही, म्हणून आजचा लेख मी तिला फोनवर वाचून दाखवला. ऐकून म्हणाली, "दॅट्स सो अनफेअर, अम्मी." नियमच तसा होता, मी म्हणाले. "सो? डिड नोबडी आस्क देम व्हाय?"

विचारलं होतं. त्या आमदारांनी आपली कारणं सांगितलेली मी वाचली. त्यांतली काही प्रामाणिकही वाटली, तुमच्या गाडीतल्या कारणासारखी. लेखात ती नाहीत. संपादकाला सांगितलं, जागा नव्हती. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. जागा होती, अब्बा.