सुएकिचीसाठी वाढलेलं पान

ताकादा,
२० मे, शोवा २८ (१९५३)

ती. बाबांना,
फुजिएचा सा. न. वि. वि.

युद्ध नेमकं कशामुळे सुरू झालं, बाबा? काल वर्गात एका मुलीने हे विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. तारखा सगळ्या पाठ आहेत. मांचुरियात रेल्वेरुळाजवळ स्फोट झाला ते साल, पेकिंगजवळच्या पुलावर पहिली गोळी सुटली तो जुलै, अमेरिकेने तेल बंद केलं तो उन्हाळा, मग हवाई, मलाया, सिंगापूर. मी फळ्यावर एकाखाली एक लिहीत गेले. ती मुलगी उठून म्हणाली की बाई, हे तर काय काय झालं ते झालं. पण आमच्या गावच्या शेतकऱ्यांचं तिकडे काय काम होतं? मी तिला उद्या सांगते म्हटलं. तो उद्या आज होता, आणि आज मी भूगोल शिकवला.

पंधरा वर्षांची असताना, शरणागतीनंतर वरून हुकूम आला म्हणून, मी इतिहासाच्या पुस्तकातल्या युद्धाच्या ओळी स्वतःच्या हाताने शाई फासून काळ्या केल्या. आता नव्या पुस्तकात तेच युद्ध दीड पानात उरकलंय. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही मला गावभर मिरवलंत. तर मला निदान दीड पानापेक्षा जास्त शिकवता यायला हवं. म्हणून मी एक मोठा नकाशा काढते आहे. त्यात प्रत्येक मोहिमेचा लाल बाण असेल आणि आपल्या कामिसावाचा माणूस जिथे पडला तिथे त्याच्या नावाची टाचणी. गावकचेरीत लष्करभरतीचं टेबल चौदा वर्षं तुमच्याकडे होतं. नावं आणि ठिकाणं तुमच्याइतकी कुणालाच ठाऊक नसणार. यादी पाठवाल ना?

आईचे गुडघे कसे आहेत? माझ्यासाठी स्थळं बघणं तिने थांबवलं असेल तर गुडघ्यांना आपोआप आराम पडेल, असं तिला सांगा.

घरच्यांची आठवण रोज काढणारी,
फुजिए

कामिसावा,
२६ मे

चि. फुजिए हिला,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इकडे भाताची लावणी अर्धी झाली. तुतीला पाला चांगला आहे, माळ्यावर रेशीमकिडे दिवसभर पाऊस पडल्यासारखे खात असतात. आई म्हणते की स्थळं बघायला गुडघे लागत नाहीत, तोंड लागतं.

यादी नाही. शरणागतीनंतर तीन दिवसांत वरून हुकूम आला, भरतीचे सगळे कागद जाळा. शाळेच्या आवारात दोन दिवस जाळत होतो. तूही धूर पाहिला असशील.

नकाशा काढ, पण त्यावर माणसं टोचू नकोस. ज्यांच्या घरची ती आहेत त्यांना अजून शेजारी राहायचं आहे. आणि तोकुवहिनींना यातलं काही लिहू नकोस. त्यांचं वय झालं.

थंड पाणी पिऊ नकोस. तब्येत जपून राहावं, हेच मागणं.
बाबा

कामिसावा,
४ जून

चि. फुजिए मास्तरीणबाईंना,
तोकुकाकूचा पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आलं ते सूनबाईने, नुईने, वाचून दाखवलं. मला साधी अक्षरंच येतात, तेव्हा चुका काढत बसू नकोस. तुला लहानपणी नाक पुसायला मीच शिकवलं.

टाचण्या म्हणतेस तर दोन घे. थोरल्याची चीनमध्ये, शूचौला. मधल्याची त्या बेटावर, ग्वाडलकनालला. दोन्ही वेळा तुझे बाबा सायकल दाराशी ठेवून आत आले, टोपी काढून जमिनीला डोकं टेकलं आणि काय सांगायचं ते नीट सांगितलं. मीही नीट ऐकलं. अस्थींच्या पेट्या आल्या, त्या हलक्या होत्या. मी उघडल्या नाहीत.

तिसरी टाचणी नको. माझा सुएकिची जिवंत आहे. दूर गेलेल्या माणसाचं पान रोज वाढायचं असतं, ते नुई नऊ वर्षं चुकली नाही. भात, लोणचं, मिसोचं सार. जेवण झालं की मी साराच्या वाटीचं झाकण उचलते. आतून घाम आलेला असला की माणूस धडधाकट आहे. आजही टपटप गळत होता. तुमच्या विद्यापीठात हे शिकवत नाहीत वाटतं?

तुझे बाबा दर महिन्याला येऊन चहा पितात, पण हल्ली माझ्याकडे बघत नाहीत. म्हातारे झाले. त्यांना चष्मा करून दे.

नाव काढलंस, अशीच काढत राहा.
तोकु

कामिसावा,
४ जून

प्रिय फुजिएस,
स. न. वि. वि.

सासूबाईंच्या पत्रासोबत माझीही चिठ्ठी घालते आहे. त्यांना म्हटलं, तुला नेच्याचे कोंब मिठात घालायची रीत लिहिते आहे.

तुला एक सांगायचंय. सेइगो सुतार तुला आठवत असतील, पलीकडच्या खोऱ्यातले. त्यांची बायको गेली त्याला चार वर्षं झाली. आपल्या गुरवांमार्फत त्यांनी विचारलं की मी येईन का. मी म्हटलं, मी लग्नाची बायको आहे, विधवा असते तर निराळं. ते म्हणाले की शरद ऋतूपर्यंत वाट बघतो, त्यानंतर आईच्या मनासारखं करावं लागेल. मला तिसावं लागलं. सुएकिचीसोबत मी अठ्ठावीस दिवस राहिले. त्यांचा आवाज आता मला आठवत नाही. घोड्याशी बोलायचे तेवढा आठवतो.

सार मी उकळतं वाढते, फुजिए. मग झाकणाला घाम येणारच. एकदा पाहुणे आले होते, वाढायला उशीर झाला आणि सार निवलं. झाकण कोरडं निघालं. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तेव्हापासून ते एकच सार मी वेगळ्या पातेल्यात उकळत ठेवते. कधी कधी पाठमोरी असताना वाटतं की त्या पानावर कुणीतरी बसून माझ्याकडे बघतंय, आणि त्यालाही कंटाळा आलाय.

तू शिकलेली आहेस. जिवंत की मेलेला, हे सरकारकडून जाणून घ्यायचा काही मार्ग असला तर लिही. नसला तरी लिही.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
नुईताई

ताकादा,
१४ जून

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही नको म्हटलंत त्याआधीच मी तोकुकाकूंना पत्र टाकलं होतं. ते वेळेत सांगितलं नाही, याबद्दल रागवा.

आज लिहिते आहे ते वेगळ्या कारणासाठी. इथे स्टेशनजवळ लाकडी खडावांचं दुकान आहे. दुकानदार इथल्याच पलटणीत होते, इंफाळच्या मोहिमेत कोहिमापर्यंत गेलेले. नकाशासाठी मी त्यांना वाट विचारायला गेले. त्यांनी बाण माझ्याकडून पुसून घेतला आणि म्हणाले की जाताना बाण होता बाई, येताना नुसती माणसं होती. तीन आठवड्यांची रसद घेऊन डोंगर चढले, पुढे काही आलंच नाही. मग मी कामिसावाच्या सुएकिचीचं नाव घेतलं. हातातली खडाव खाली ठेवून ते सांगू लागले. परतीच्या वाटेवर, पावसात, एका नदीच्या काठी तो बसला तो उठला नाही. घोडा आधीच मेला होता. तुकडीच्या कप्तानाने त्याचं नाव स्वतः लिहून घेतलं आणि माघार संपल्यावर कळवलं, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मग तो कागद कुठे गेला, बाबा? असे कागद गावकचेरीत यायचे आणि तुम्ही पोचवायचात. मी इतर कुणाला विचारलेलं नाही. तुम्हालाच विचारते आहे.

तुमच्या उत्तरापर्यंत जीव टांगणीला,
फुजिए

कामिसावा,
२१ जून

चि. फुजिए हिला,
आशीर्वाद.

कागद आला होता. शरणागतीच्या वर्षी, मे महिन्यात. मी तो घेऊन निघालोही. दारात सायकल लावली आणि आत गेलो. तोकुवहिनींनी मला बोलूच दिलं नाही. हात धरून पानाजवळ नेलं, झाकण उचललं आणि म्हणाल्या, बघ साकुजी, माझा एक तरी राखला देवाने. मी चहा प्यायलो आणि परत आलो. उद्या सांगू म्हटलं. मग शरणागती आली. मग वाटलं, लावणी होऊ दे. मग वाटलं, हिवाळा जाऊ दे. प्रांताच्या कचेरीतून एकदा विचारणा आली तेव्हा तपास चालू आहे असं मी लिहिलं. मला नुईचा विचार आला नाही असं नाही. मी तो दूर सारला.

आता दुसरं ऐक. गावातल्या प्रत्येक जवान पोराची माहिती मीच पलटणीला कळवत असे. तब्येत, स्वभाव, हातातलं कसब. कुणाला कधी उचलायचं ते त्यावरून ठरायचं. सुएकिची वीस वर्षांचा झाला तेव्हा मी त्याच्या नावापुढे लिहिलं, घोड्यांचं उत्तम ज्ञान. कौतुकाने लिहिलं. त्याने आपला आजारी घोडा रात्रंदिवस बसून बरा केला होता ना, म्हणून. ते तीन शब्द मी लिहिले नसते तर डोंगरात रसद वाहणाऱ्या तुकडीला तो आठवला नसता. दोन भाऊ गेलेल्या घरातला तिसरा कदाचित मागे राहिला असता. कदाचितच म्हणतो. पण हे मी रोज म्हणतो.

युद्ध का सुरू झालं ते तुझ्या वर्गाला मी काय सांगणार? चालू कसं राहिलं ते मला माहीत आहे. बोलावण्याचे लाल कागद माझ्या हाती यायचे आणि मी ते चोवीस तासांच्या आत पोचवायचो. एकही उशिरा गेला नाही. लोक वाकून मला त्रास दिल्याबद्दल आभार मानायचे, चहा द्यायचे. सायकल कुणाच्या दारात थांबते ते ऐकायला अख्खी गल्ली गप्प व्हायची, खेळणारी पोरंसुद्धा. तूही त्यांच्यात असायचीस. म्हणून मी हल्ली पायी चालतो.

कागद जाळले ते दुसरे. यादी आणि ते पाकीट माळ्यावर आहे, रेशीमकिड्यांच्या सगळ्यात खालच्या ताटाखाली, तेलकागदात गुंडाळलेलं. रविवारी मी आईला घेऊन दहा दिवस गरम झऱ्यांवर जातो आहे, तिच्या गुडघ्यांसाठी. किड्यांना पाला घालायला तू आलीस तर बरं होईल. पाकिटाचं काय करायचं ते तू ठरव. माझ्याने होत नाही. तोकुवहिनी आहेत तोवर थांबलीस तर तुझे उपकार होतील.

बापाला माणूस समजून घ्यावं.
बाबा

कामिसावा,
१ जुलै

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

शाळेतून चार दिवसांची रजा घेऊन आले आहे. किडे खुशाल आहेत. पाकीट सापडलं.

तुम्ही म्हणालात की मी ठरवावं. माळ्यावर बसून मी अर्धा दिवस ठरवत होते. थांबावं, सांगावं, काकूंचं वय, नुईताईचं वय. मग पाकीट पालथं केलं तेव्हा त्यावरचं नाव वाचलं. बाबा, ते काकूंच्या नावाने आलेलंच नाही. पत्नी नुई, असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे तुम्ही आठ वर्षं, आणि मी अर्धा दिवस, दुसऱ्याच्या पत्रावर विचार करत बसलो.

मी ते नेऊन नुईताईच्या हातात दिलं. ती विहिरीवर भांडी घासत होती. तिने हात पुसले, उभ्यानेच वाचलं आणि मला विचारलं की कोहिमा कसं आहे. त्या मोहिमेवर मी तास घेतलाय, बाबा. किती तुकड्या, कुठला घाट, किती तारखेला माघार. मी म्हटलं, आपल्यासारखेच डोंगर आहेत, पाऊस फार पडतो. ती म्हणाली, मग त्यांना अगदीच परकं वाटलं नसेल. नंतर बराच वेळ ती तेच एक भांडं घासत राहिली.

काकूंना मी सांगते म्हटलं तर तिने मला गप्प बसवलं. आत जाऊन तिनेच सांगितलं. आधी कागदाचं, मग उकळत्या साराचं. मी उंबऱ्याशी होते. मला वाटलं होतं काकू कोसळतील. त्या रागावल्या. नुईताईला म्हणाल्या की कार्टे, नऊ वर्षं मला चटका बसेल असं वाढत होतीस! मग मला विचारलं की तुझ्या बापाला हे कधीपासून ठाऊक. मी खरं ते सांगितलं. लाल कागदाच्या आधीचे ते तीन शब्दही सांगितले. ते मी सांगायचं नव्हतं हे कळत होतं, पण आणखी एक गोष्ट झाकून ठेवणं मला जमलं नाही.

त्या सुएकिचीच्या रिकाम्या बैठकीकडे बघून कुणीतरी उठायची वाट बघावी तशा थांबल्या. मग म्हणाल्या की साकुजी माझ्याकडे आठ वर्षं फुकट चहा प्यायला. सेइगोचंही त्यांना ठाऊक होतं, गुरवांच्या पोटात काही राहत नाही. नुईताईला म्हणाल्या की कापणी होईपर्यंत तू कुठे जायचं नाहीस. त्यानंतर जा, माझ्यासमोर रडत बसू नकोस. नुईताई तेव्हा पहिल्यांदा रडली.

मी निघताना काकूंनी मला हाक मारली. तुम्हाला निरोप दिला आहे, तो त्यांच्याच शब्दांत लिहिते. दोन पोरांचं सांगायला तो माणसासारखा आला होता, जमिनीला डोकं टेकलं होतं. तिसरं काय पावसात सापडलं होतं? त्याचंही तसंच येऊन सांगायचं, पूर्ण, शेवटच्या शब्दापर्यंत. कागद आला म्हणजे निरोप आला नाही. त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी पोराच्या नावाने पितरांचे दिवे लावणार नाही.

बाबा, तुम्ही आजारी आहात असं सांगता आलं असतं. थकलात, झेपणार नाही असंही. त्यांनी ऐकलं असतं कदाचित. माझी मायाच तशी आहे, तुमच्या बाजूने खोटं बोलायला आधी धावते. पण तिचं ऐकलं असतं तर ते पाकीट पुन्हा ताटाखाली गेलं असतं. तुमचा लोभ यामुळे कमी झाला तर मला ते सोसावं लागेल. तरी कमी होऊ देऊ नका.

तुम्ही परत आल्यावर येणाऱ्या पहिल्या सोमवारी सकाळी दहा वाजता त्यांच्याकडे याल, असं मी तुमच्या वतीने कबूल करून आले आहे.

तुमची,
फुजिए