बाबांची बिनखुणेची काठी

थीब्ज, पश्चिम तीर
पेरणीचा चौथा महिना, दिवस तिसरा

ती. सौ. हुनेरोताईस,
उसेरहातचा शि. सा. न. वि. वि.

तुझे सुके मासे आणि तुझ्या शिव्या, दोन्ही एकाच नावेने सुखरूप पोचल्या. बाबा गेल्याचं वेळेवर कळवलं नाही म्हणून रागावलीस, ते बरोबरच आहे. पण तुझे दिवस भरत आलेत आणि आईने बजावलं होतं की अशा अवस्थेत पोरीला नावेत बसवायचं नाही. रड हवं तेवढं, पण जेवत जा.

बाबांचा देह टिकावा म्हणून अजून मसाल्याच्या मांडवात, मिठात ठेवला आहे. सुगीच्या तोंडावर दफन होईल. कोठारकचेरीने त्यांची शेतमोजणीदाराची जागा मला दिली आहे. गंमत बघ, ज्या पोराला त्यांनी जन्मात एकदा शेतावर नेलं नाही, देवळात पोथ्यांच्या नकला उतरायला बसवून ठेवलं, त्यालाच!

तर कचेरीत दाखवायला म्हणून त्यांची एक हात मापाची सरकारी हातकाठी पेटीतून काढली आणि तिच्याखाली तागाच्या फडक्यात दुसरीच एक काठी निघाली. बाभळीची, हाताळून गुळगुळीत झालेली. सरकारी काठीवर बोटाबोटाच्या मापाच्या खुणा असतात, राजाचं नाव असतं. हिच्यावर काहीच नाही, फक्त एका टोकाला खाच. मामा म्हणतो, साप मारायची असणार. शेजारची वेबखेत म्हणते, मागाची. मी म्हटलं, देवळातले लोक तारे बघतात तसली असेल. त्यावर आईने काठी माझ्या हातातून काढून घेतली.

आणि मग तिने जे सांगितलं त्याने माझ्या पायाखालची जमीन सरकली. शेवटच्या तापात बाबा तिला म्हणाले होते की ही काठी माझ्या उजव्या हाताशी ठेवा आणि छातीवर हृदयाचा दगड ठेवू नका. ताई, दगड नाही! मेल्यावर देव हृदय तोलतात त्या तराजूपुढे हृदयाने आपल्याच माणसाविरुद्ध तोंड उघडू नये म्हणून भिकारीसुद्धा मातीचा का होईना, छातीवर कोरीव भुंगा घेऊन जातो. मी आपलं पांढरं गाढव देऊन हिरव्या दगडाचा घेतला आहे. ताप डोक्यात गेला होता, दुसरं काय!

तू बाबांची लाडकी. ही काठी कशाची, तुला काही ठाऊक आहे का?

कळावे. लोभ नदीसारखा असावा, दरसाल चढावा.
तुझा
उसेरहात

---

अबिडोस
पेरणीचा चौथा महिना, दिवस चौदावा

चि. उसेरहातास,
अ. उ. आ.

मोजणीदार झालास म्हणे! आता शेतकरी तुला पाहून टरबुजं लपवतील. बाबांनी कुणाच्या शेतातला कांदासुद्धा कधी उचलला नाही, एवढं ध्यानात ठेव. आमचे हे इथल्या कोठारात आल्यागेल्याला सांगत असतात की आमच्या सासऱ्यांची दोरी म्हणजे देवाची दोरी, त्यांच्या मागून कुणी फेरमोजणी केली नाही. मला ऐकून ऐकून कंटाळा यायचा. आता हे बोलले की डोळे भरतात.

काठी मी पाहिलेली नाही. पण एक आठवतं. दर साली मोजणीच्या आधी बाबा गच्चीवर बसून आपली दोरी आपणच वळायचे. कचेरीची दोरी ओल्याने आटते म्हणायचे. गाठी मारायची वेळ आली की मलासुद्धा खाली हाकलायचे. मी विचारायची, एवढं काय गुपित आहे? तर म्हणायचे, मोजायला चुकीन. ती दोरी असेल घरात. काठी तिच्याशी लावून बघ.

आणि दगडाचं मनातही आणू नकोस. माणूस तापात वाट्टेल ते बोलतो. बाबांसारख्या सरळ माणसाला दगडाची गरज नाही हे खरं, पण म्हणून उघड्या छातीने पाठवायचं? लोक आपल्या तोंडात शेण घालतील. आईला सांग, मी सांगितलंय.

पाठ फार दुखते. सुईण म्हणते मुलगा. मी म्हणते, काहीही होऊ दे, पण लवकर होऊ दे.

इकडची काळजी नसावी, माया आहे तेवढी राहू दे.
तुझी ताई
हुनेरो

---

थीब्ज
पेरणीचा चौथा महिना, दिवस चोविसावा

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र भाऊजींच्या हाती लागू देऊ नकोस. वाचलंस की लगेच शाई धुऊन टाक.

तू सांगितलंस तसं केलं. दोरीच्या दोन गाठींमध्ये काठी धरली. तंतोतंत. पुढच्या गाठीत धरली. तंतोतंत. म्हणजे गाठी हिच्याच मापाने मारलेल्या. मग काठी सरकारी हातकाठीशेजारी ठेवली आणि तीनतीनदा ताडून पाहिली. ती दोन बोटं लांब आहे, ताई. एका हातामागे दोन बोटं. आपल्या बाबांचं माप खोटं होतं.

आधी वाटलं, गरिबांना लुबाडलं. आपण ठिगळं लावून वाढलो, मग ते धान्य गेलं कुठे? पण जरा भानावर आलो आणि मातीत रेघा ओढून पाहिल्या. दोरी लांब असली की शेतात ती कमी वेळा बसते. शेत नोंदीत लहान होतं. सारा कमी बसतो. म्हणजे बाबांनी शेतकऱ्याचं नाही, राजाचं आणि आमुनच्या देवळाचं घेतलं! उभा जन्म, दर सुगीला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत! आणि स्वतःच्या घरात एक पायलीसुद्धा आणली नाही.

आता कळलं मला शेतावर का नेत नव्हते. आपण ज्यांना खाली मान घालून चालणारा, भित्रा माणूस समजत होतो ते हेच का? हे फुटलं तर नाक-कान जातील, आईला आणि मला न्यूबियाच्या ठाण्यावर हाकलतील, भाऊजींचं कोठारही जाईल. आणि बाबांना परलोकाच्या न्यायसभेत बेचाळीस देवांपुढे उभं राहून म्हणायचं आहे की जमिनीच्या मापात मी खोट केली नाही. हातात काठी धरून म्हणणार का हे?

मी ठरवलंय. काठी भट्टीत घालणार आणि छातीवर दगड ठेवणार. आईला सांगितलं तेव्हा ती कांद्याची टोपली घेऊन खाली बसली आणि कांदे सोलायला लागली. तिला ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे.

लोभ असू दे, आता त्याचाच आधार आहे.
उसेरहात

---

अबिडोस
सुगीचा पहिला महिना, दिवस तिसरा

चि. उसेरहातास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी पिठाच्या रांजणाला धरून उभी राहिले. सासूबाईंना वाटलं, कळा आल्या. धुतलंय पत्र. शाईचं पाणी अंजिराच्या झाडाला घातलं.

बाबांनी? आपल्या बाबांनी? पहारेकऱ्याला बघून रस्ता बदलणाऱ्या माणसाने? मला अजून खरं वाटत नाही. हे जेवताना बाबांचे गोडवे गात होते आणि मी पाणी आणायचं निमित्त करून उठले.

पण एक आठवलं, ते सांगते. तू तेव्हा पाळण्यातला होतास. नदी आलीच नाही, असं ते वर्ष. शेतं तडकलेली, तरी सारा मागच्या सालाइतकाच लावला होता. तो भरता आला नाही म्हणून कालव्यापलीकडच्या पाखारूला सरकारी माणसांनी खळ्यावर उलटं टांगून बडवलं. त्याच्या शेताचं माप बाबांनीच घेतलं होतं, अगदी बरोबर घेतलं होतं, बोटभरसुद्धा चूक नव्हती. पाखारू वाचला नाही. बाबा घरी आले आणि आईने वाढलेलं पान तसंच ठेवून गच्चीवर गेले. त्यानंतरच ते दोरी घरी वळायला लागले. मी एवढी वर्षं समजत होते की दोरी आटते म्हणून.

तेव्हा आता ऐक, आणि नेहमीसारखा शहाणपणा करू नकोस. मीच दगडासाठी हट्ट धरला होता, तो मागे घेते. बाबा तापात बरळले नव्हते. सगळे जण त्या देवांपुढे जाऊन हे पाप नाही केलं, ते नाही केलं म्हणतात, हृदयाचं तोंड दगडाने दाबून. आपला बाप हो म्हणणार आहे. मी माप खोटं केलं, आणि केवढं केलं ते ह्या काठीवर बघून घ्या, असं सांगणार आहे. देवांना काय वाटेल ते त्यांनी बघावं. पण त्याची साक्ष तू जाळू नकोस रे! जाळलीस तर मी तुझं तोंड बघणार नाही.

भीती मलाही वाटते.

नावाडी घाई करतोय. आईला जप.
तुझी ताई
हुनेरो

---

थीब्ज
सुगीचा पहिला महिना, दिवस सोळावा

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मुलगा झाल्याचा निरोप लसणाच्या नावेवरच्या माणसाने आणला. आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. भाच्याला माझा पापा.

तुझं पत्र उशिरा पोचलं. त्याच्या आदल्या दिवशीच मी काठी भाकरीच्या भट्टीत घातली होती. आणि ताई, आपली आई, जी कढत भांडं फडक्याशिवाय उचलत नाही, तिने निखाऱ्यांत हात घालून ती बाहेर ओढली. कोपरापर्यंत पोळली आहे. मध आणि चरबी लावली. फक्त एवढंच म्हणाली की ती त्यांची आहे, तुझी नाही. मग तुझं पत्र आलं. ते मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पाखारूची बायको अजून आहे, दर सुगीला आपल्या दाराशी लसणाची जुडी कोण ठेवतं असं वाटलं तुला? मी आपला आजवर तो लसूण खात होतो.

काल दफन झालं. काठीचं एक टोक जळून काळं पडलंय, पण लांबी शाबूत आहे. मी स्वतः ती त्यांच्या उजव्या हाताशी, देहाभोवतीच्या तागाच्या पट्ट्यांच्या आत सारली. मसालावाला पुरोहित दगड मागत राहिला. त्याला वाटलं, मी बापाचा वैरी आहे. चारचौघांत तसं बोललाही. मामाने मान खाली घातली. आई बांधलेला हात पोटाशी धरून उभी होती आणि बाबांच्या बिनदगडाच्या छातीकडे बघत होती. मला खूप रडू आलं.

उद्या माझी पहिली मोजणी, कालव्यापलीकडे. कचेरीने नवी दोरी दिली आहे. आईने बाबांची दोरी भिजवून, पिळून गच्चीवर वाळत टाकली आहे. दोन्ही शेजारी शेजारी आहेत. उजाडायच्या आत मला त्यातली एक उचलायची आहे.

हेही पत्र अंजिराला घाल. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस, एवढीच विनंती.
तुझा
उसेरहात

ता. क. दगड कोरणारा हिरवा भुंगा परत घ्यायला तयार आहे आणि गाढव परत देतो म्हणतो. मी नको म्हणालो. बाबांएवढी छाती माझी नाही, ताई. तो दगड आईला जपून ठेवायला सांगितला आहे. मला लागेल.