एक मण आठ शेर

बोरी,
१४ डिसेंबर १९५७

ति. अण्णा,

नमस्कार. साष्टांग लिहायला हात वळत नाही, म्हणून इतकाच. इकडे सर्व ठीक. यांची कंबर धरली आहे, शेक देते आहे.

तुमचं पत्र पोचलं. संक्रांतीआधी सुनेत्राला परत सेलूला पाठवा, नाहीतर वर्ष फुकट जाईल, असं लिहिलंत. ती येणार नाही.

योजना मुलांच्या भल्याची आहे, हे मला नव्यानं सांगू नका. व्यापाऱ्यांची मुलं गादीवर बसून सुटायला लागली, खेळेनाशी झाली, म्हणून डॉक्टर आणि चार पालक जमवून तुम्ही समिती केलीत. शाळेच्या दारातली जिलेबी बंद केलीत, रोज तासभर कवायत, डब्यांची तपासणी. इथवर कुणाचीच हरकत नव्हती. पण व्यंकटराव अडत्यांचा कापसाचा काटा शाळेच्या अंगणात आणायची बुद्धी कुणाची? दर शनिवारी मुलींना पारड्यात बसवायचं, वजन मोठ्यानं पुकारायचं, फळ्यावर नावानिशी लिहायचं. सुनेत्रा, एक मण आठ शेर. हेडमास्तरांची भाची म्हणून तिचं नाव सगळ्यांच्या आधी. तुम्ही पक्षपात करता असं कुणी म्हणायला नको.

मुली तिला कापसाची ‘गठाण’ म्हणायला लागल्या. हे तुम्ही मला कळवलं नाहीत. कवायतीत ती चक्कर येऊन पडली, तेही नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेत गेल्यावर वहिनींनी तुमच्याकडे पाणी भरणाऱ्या कासाबाईबरोबर तिला मोटारीत बसवून दिलं. कासाबाई दारातच थांबली. म्हणाली, "बाई, आठ दिस झालं, पोरगी ताटातलं समदं मलाच द्यायलीय. मी खाल्लं. माझी बी चूक हाय." एवढं बोलून ती पाणीही न घेता गेली. तुमच्या दोन पानी पत्रात चूक हा शब्द कुठे नाही.

पहिले तीन दिवस ती नुसत्या दुधावर होती. आता जेवते, पण भाकरी वाढली की विचारते, "आई, ही किती शेर होईल?"

आता माझं लिहिते. पोरीला चार पायऱ्या चढताना धाप लागते, तुमच्याकडे ठेवून घ्या आणि जरा आटोक्यात आणा, असं जूनमध्ये मीच तुम्हाला लिहिलं होतं. यांना ते अजून माहीत नाही. तिला तशी केली तीही मीच. तूप, गूळ, दशम्या. नको म्हणाली तरी घास कोंबला. का, ते तुम्हाला ठाऊक आहे. नऊ वर्षं आपण दोघं शकूचं नाव काढत नाही.

रझाकारांच्या वर्षी आपण सरहद्दीपलीकडच्या छावणीत होतो. पिठाचं वाटप तुमच्याकडे होतं. शकू चार वर्षांची, हगवणीनं सुकलेली, भाकरी मागत होती. मी ओंजळभर पीठ जास्त मागितलं. सगळ्या रांगेसमोर तुम्ही म्हणालात, "सुमा, बहिणीला वेगळं माप नाही." चौथ्या दिवशी ती गेली. दुखण्यानं गेली, ओंजळभर पिठानं वाचली नसती, हे छावणीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि मलाही कळतं. कळून काही होत नाही. तुम्ही तेव्हा बरोबर होतात, कदाचित आताही असाल. तुमच्या बरोबर असण्याखाली दर वेळी माझीच मुलगी सापडते.

तूप मी कमी केलं आहे. इथल्या शाळेतले बन्सीधर मास्तर संध्याकाळी मुलींना लंगडी खेळवतात. गावातल्या बायांनी मागे लागून ते सुरू करवलं, मीही गेले होते. कुणाचं वजन करत नाहीत, सगळ्या मुली खेळतात. सुनेत्रा चार दिवस नुसती पारावर बसून होती. परवा उतरली. पहिल्याच फेरीत बाद झाली आणि धापा टाकत हसली. इथली शाळा चौथीपर्यंतच आहे, पाचवीचं काय ते आम्ही जिंतूरला बघू.

या पत्राचं उत्तर मला नको. लिहायचं असेल तर तिला लिहा. ती अकरा वर्षांची आहे, तिला वाचता येतं. चुकलो, एवढंच लिहिलंत तरी पुरे. ते जमेपर्यंत या घरी येऊ नका. येत्या भाऊबीजेला मी ताट मांडणार नाही.

शकूची आणि सुनेत्राची आई,
सुमंगला